सिंहाच्या पुढ्यातले गवत

युरोपातले जुने धार्मिक छापचित्र समोर आले, की आपल्याकडील जाणता रसिक झटकन म्हणतो, "विषय सोडा हो, तो त्यांच्या धर्माचा. आपण रेषा पाहावी, रचना पाहावी." ऐकायला हे मोठे उदार वाटते. मला विचाराल तर हा शुद्ध आळस आहे. विषयच सोडला तर रचना पाहायची ती कशाची?

गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० साली फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोचले. त्यांच्या नजराण्यात अँटवर्पच्या प्लांतिनने १५६८ ते १५७२ या काळात छापलेले बहुभाषी बायबल होते. त्याच्या पहिल्या खंडाच्या आरंभी एक कोरीव छापचित्र आहे : भव्य कमान, आणि तीत सिंह, बैल, लांडगा व कोकरू एकाच गव्हाणीत चरताहेत.

नुसती रचना पाहणारा म्हणेल, चार जनावरे, तोल छान साधला आहे. आपली आजी म्हणेल, "अगंबाई, वाघ-शेळी एका घाटावर पाणी पितात, तसंच की हे!" या दोघांत आजी चित्राच्या कितीतरी जवळ आहे. तरी एक पाऊल उरतेच. आपल्या म्हणीतला वाघ गप्प असतो तो राजाच्या धाकाने. त्याची भूक जागच्या जागी असते. यशया संदेष्ट्याच्या भविष्यवाणीत सिंह बैलासारखे गवत खातो. त्याचा स्वभावच पालटला आहे, आणि तो पालटला देवाच्या राज्यात. म्हणून इथे घाट नाही, गव्हाण आहे. पाणी वाघही पितो; गवतावर मात्र तो पोट भरत नाही. शिवाय गव्हाण म्हटली, की ख्रिस्ती माणसाला बाळ येशूचा पाळणा आठवतो. यातले काहीही नुसत्या रेषेत सापडणार नाही.

मोगल चित्रकारांनी मर्म बरोबर हेरले. अबुल हसनच्या १६१८ च्या सुमाराच्या एका चित्रात जहांगीर इराणच्या शहा अब्बासला आलिंगन देतो आहे. पायाखाली पृथ्वीचा गोल. त्यावर सिंह आणि मेंढी. जहांगीर सिंहावर उभा, शहा मेंढीवर, आणि सिंह ऐसपैस पसरता पसरता मेंढीला हळूच कडेला रेटतो आहे! गव्हाण गेली, धाक परत आला. विषय सोडणाऱ्याला ही गंमत कळावी कशी?

आणि परक्यांचा धर्म परक्यांना कळायचा नाही, असे म्हणणाऱ्यांना काय सांगावे! मी राहतो त्या कासारसाईपासून मळवली काही फार लांब नाही. तिथला रविवर्मा छापखाना आता नाही; पण विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मनाने तिथे छापलेल्या लक्ष्मीपुढे आपल्या आजोबा-पणजोबांनी पणत्या लावल्या. कमळ कशासाठी, हत्तीच्या सोंडेत माळ का, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे. यंदा लक्ष्मीपूजनाला कोणी येऊन म्हणाला, "देवी राहू द्या, रंगांचा तोल पाहा," तर त्याला चकली द्याल की दार दाखवाल?