बंद खाणीचा हिशेब

बंद पडलेल्या कोळसा खाणीत लोक सुट्टी घालवायला जातात, हे आमच्या चंद्रपूरकडच्या माणसाला पटवून देणं अवघड आहे. घुग्घुसच्या खाणीत तीस वर्षं काढलेल्या माझ्या मामूंना मी फोनवर सांगितलं, की कामासाठी जर्मनीत आलोय आणि शनिवार-रविवार जुन्या खाणींच्या मुलखात पायी फिरणार आहे. ते हसले. म्हणाले, "अरे बेटा, बंद खदान में देखने को क्या है? पानी भरा रहता है."

मामू गमतीत बोलले, पण खरा मुद्दा त्यांनीच सांगितला. खाण बंद झाली की पाणी भरतं. ते पाणी कोण उपसणार आणि कोणाच्या पैशाने, या प्रश्नाचं उत्तर जर्मनीच्या रूर प्रदेशाने वेळेत शोधलं. तिथली आजची हिरवळ त्या उत्तरावर उभी आहे.

एसेन स्टेशनवरून १०७ नंबरची ट्राम त्सोलफेराइन खाणीच्या दारात सोडते. इथे खोदकाम सुरू झालं १८४७ मध्ये. १९३२ साली बारावा शाफ्ट चालू झाला, तेव्हा त्यातून दिवसाला १२,००० टन कोळसा वर येऊ शकत होता. शुप आणि क्रेमर या दोन वास्तुविशारदांनी लाल विटा आणि लोखंड वापरून ती वास्तू अशी बांधली, की लोक तिला जगातली सर्वांत देखणी खाण म्हणतात. २३ डिसेंबर १९८६ रोजी ती बंद झाली. भंगारात विकण्याऐवजी सरकारने ती राखली आणि २००१ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. कोळसा धुण्याच्या प्रचंड इमारतीत आता रूर संग्रहालय आहे.

मी संग्रहालयात तासभरच थांबलो. खरी मजा बाहेर चालण्यात होती. कोळशाचे डबे ज्या रुळांवरून जायचे, त्यांच्या कडेने पायवाटा आहेत. काळ्या मातीत बर्चची झाडं आपसूक उगवली आहेत. ती कोणी लावली नाहीत, फक्त कोणी तोडली नाहीत. पुढे कोक बनवण्याच्या भट्ट्यांची लांबच लांब रांग लागते. त्यांच्यासमोरच्या पाण्याच्या पट्ट्यावर हिवाळ्यात मुलं बर्फावर घसरत खेळतात.

दुसऱ्या दिवशी बोट्रोपला गेलो. तिथे खाणीतून निघालेल्या दगडमातीचा डोंगर आहे. आमच्याकडे अशा ढिगाऱ्याला सगळे 'ओबी' म्हणतात. या ओबीवर गवत आहे, झाडं आहेत आणि माथ्यावर १९९५ मध्ये उभारलेला लोखंडी पिरॅमिड आहे. वर चढलं की एम्शर नदीचा मुलूख दिसतो. शंभराहून अधिक वर्षं ही नदी उघडं गटार होती. खाणींमुळे जमीन सतत खचत होती, जमिनीखाली नळ टाकले असते तर ते फुटले असते, म्हणून गावोगावचं सांडपाणी नदीतच सोडलं जायचं. १९९२ मध्ये नदी सुधारण्याचं काम हाती घेतलं आणि २०२१ च्या अखेरीस ती सांडपाण्यातून मोकळी झाली. त्यासाठी तीस वर्षं आणि पाच अब्जांहून अधिक युरो लागले.

आता मामूंच्या पाण्याकडे येतो. कोळसा काढल्यामुळे रूरमधली जमीन काही ठिकाणी २० मीटरहून जास्त खचली आहे. पंप बंद केले तर कित्येक वस्त्या तळ्यात जातील. म्हणून ते पंप आजही चालू आहेत आणि कायम चालू ठेवावे लागणार आहेत. जर्मन लोक या खर्चाला 'अनंतकाळाचं ओझं' म्हणतात. शेवटची खाण २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. पण हे ओझं वाहणारी संस्था २००७ मध्येच, म्हणजे अकरा वर्षं आधी, उभी राहिली होती. कोळसा कंपनीचे रसायनांसारखे इतर व्यवसाय या संस्थेकडे सोपवले गेले आणि त्यांच्या उत्पन्नातून आज वर्षाला २० कोटी युरोंहून अधिक खर्च भागतो.

'जर्मनी श्रीमंत आहे, आपली काय बरोबरी', हे उत्तर मला पटत नाही. इथे मुद्दा श्रीमंतीपेक्षा क्रमाचा आहे. आधी पैसे बाजूला काढले, मग खाणीला कुलूप लावलं.

पैशाचा हिशेब असा चोख आहे, माणसांचा मात्र अर्धवट वाटला. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार भरतीचा करार केला आणि हजारो तुर्की तरुण या खाणींत उतरले. त्यांना नाव दिलं गेलं 'पाहुणे कामगार'. जमिनीखाली सगळे एकमेकांना 'कुम्पेल' म्हणत, म्हणजे सोबती. वर आल्यावर तो सोबती पुन्हा परका व्हायचा. बोट्रोपजवळच्या हानिएल डोंगरावर येशूच्या क्रूसयात्रेचे टप्पे मांडलेत, त्यात खाणकामाची अवजारं वापरली आहेत. श्रमाच्या हत्यारांना प्रार्थनेत जागा मिळाली, हे मला मनापासून आवडलं. पण त्याच खाणींत घाम गाळलेल्या मुस्लीम कामगाराची प्रार्थना शोधायला डुइसबुर्गच्या मार्क्सलो भागात जावं लागतं. खाणीच्या जुन्या कँटीनमध्ये तिथले लोक नमाज पढायचे. २००८ मध्ये तिथे मोठी मशीद उभी राहिली. माझ्या लेखी तीही कोळशाच्या इतिहासाचीच वास्तू आहे. खाणींच्या सहलीच्या नकाशावर ती असायला हवी.

हे सगळं सांगायचं कारण विदर्भ आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी, माजरी या पट्ट्यातल्या खाणीही एक दिवस संपणार आहेत. वेकोलिने सावनेरजवळ इको पार्क केलाय, खाण पर्यटनही सुरू केलंय. चांगलंच आहे. पण बागेतली कारंजी म्हणजे हिशेब नव्हे. केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये नियम केला, की प्रत्येक खाणीचा बंद करण्याचा आराखडा असला पाहिजे आणि त्यासाठी वेगळ्या एस्क्रो खात्यात दरवर्षी पैसे भरले पाहिजेत. म्हणजे आपल्याकडेही क्रम कागदावर बरोबर आहे. प्रश्न एवढाच, की ज्या गावाच्या विहिरी आटल्या, त्या गावातल्या किती लोकांना हे खातं माहीत आहे?

आणि माणसांचा हिशेब? मामूंना पेन्शन आहे, कारण ते पटावर होते. त्यांच्याच खाणीत ठेकेदाराचा टिप्पर चालवणाऱ्या पोराचं नाव वेकोलिच्या पटावर नाही. बिहार, तेलंगण, छत्तीसगडमधून आलेल्या आणि इथेच रुजलेल्या कुटुंबांचं खाण संपल्यावर काय, याचं उत्तर आज कोणी देत नाही. 'पाहुणे कामगार' आपणही पाळले आहेत, फक्त तसा शब्द वापरत नाही.

म्हणून संग्रहालयं आणि पर्यटनाच्या घोषणा नंतर होऊ द्या. आधी प्रत्येक खाणीचा आराखडा आणि त्या खात्यातली शिल्लक मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, ग्रामसभेत वाचून दाखवा. त्याच्या शेजारी कामगारांची यादी लावा, पटावरच्यांची आणि ठेकेदाराकडच्यांचीही. खाण चालू असतानाच हे मागायला हवं. कुलूप लागल्यावर दाद मागायला तिथे साहेबही नसेल आणि ऑफिसही.