आधी सिलिंडर मोजा, मग पाईप जोडा!

परवा रात्री आमच्या विंगमध्ये जोरदार भांडण झालं. मेसच्या भाजीवरून नव्हे, चक्क एका पाईपवरून! 'फास्ट अँड द फ्युरिअस' (२००१) कितव्यांदा तरी लागला होता. टोरेटोची १९७० ची काळी डॉज चार्जर गुरगुरली आणि कोणीतरी विचारलं, अशी जुनी व्ही-८ गाडी आपल्याला मिळालीच, तर तिच्या दोन एक्झॉस्टच्या मध्ये कोणता जोडपाईप टाकायचा? एच की एक्स? निम्मी विंग एक्सच्या बाजूने. कारण काय, तर नाव भारी वाटतं!

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी पेन उचललं नसतं. पण सकाळी आमच्या रूम पार्टनरने जाहीर केलं की तो आपल्या बुलेटला दोन सायलेन्सर लावणार, मध्ये एक्स-पाईप टाकणार आणि तेच फायनल इयरचं प्रोजेक्ट म्हणून दाखवणार. त्यासाठी चाललेत घरून आलेले मेसचे पैसे. आता गप्प कसं बसायचं?

आधी चार्जरचं बघू. व्ही-८ मध्ये चार सिलिंडर डावीकडे, चार उजवीकडे. क्रँक दोनदा फिरला की आठही फायर होतात, म्हणजे दर ९० अंशांला एक. क्रायस्लरच्या त्या इंजिनांची फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. विषम आकडे डाव्या बाजूचे, सम उजव्या बाजूचे. वहीवर मांडून बघा. डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा. इंजिन एका लयीत चालतं, पण प्रत्येक बाजूचा पाईप मात्र लंगडतो. डाव्या पाईपमध्ये धक्के येतात २७०, १८०, ९० आणि पुन्हा १८० अंशांच्या अंतराने. जिथे ९० चं अंतर आहे तिथे पहिल्याचा धूर बाहेर पडतोय तोवर दुसरा मागून येऊन ढकलतो. त्याच वेळी पलीकडचा पाईप रिकामा असतो. जोडपाईप या कोंडीसाठी आहे. इकडचा दाब तिकडे जायला वाट मिळते.

एच-पाईप म्हणजे दोन्ही पाईपांमध्ये एक आडवा तुकडा. दाब वाटला जातो, आवाज खालच्या पट्टीत येतो, कमी आरपीएमला ओढ सुधारते. एक्समध्ये दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळून पुढे जातात. वरच्या आरपीएमला तो सरस, पण आवाज चढा होतो, त्या गाड्यांची ओळखीची गुरगुर हरवते. शिवाय पाईप मधोमध आणायचे तर गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्टखाली जागा काढावी लागते. जुनी गाडी, रस्त्यावर चालवायची, ट्रॅकवर नाही... माझं मत सरळ एचला. तो कुठे बसवायचा याची जुन्या मेकॅनिक लोकांची युक्ती तर झकासच. पाईपांना साधा पेंट मारायचा, गाडी चालवायची आणि पेंट जिथे जळायचा थांबतो तिथे आडवा तुकडा वेल्ड करायचा. ना सेन्सर ना सॉफ्टवेअर!

आता गंमत बघा. मी वालचंदनगरचा. आमच्या गावाला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या. म्हणजे टोरेटोच्या गाडीचं माहेर आणि आमच्या गावाचं एक जुनं नातं निघतं. पण कुर्ल्याच्या त्या डॉजमध्ये सहा सिलिंडर एका रांगेत होते, एक्झॉस्ट एकच. पुढे फियाट ११०० आली, तिचीच पद्मिनी झाली. चार सिलिंडर, एक पाईप. एच की एक्स हा प्रश्न तिथे कोणाला पडलाच नाही, कारण पडायचं कारणच नव्हतं.

आणि बुलेट? तिला सिलिंडर एक. एका सिलिंडरचा धूर दोन वाटांनी सोडून परत मध्ये जोडायचा, याला काय म्हणावं? पार्टनरने लगेच येझदी काढली. हो, येझदीला एका सिलिंडरवर दोन सायलेन्सर होते. पण तिच्या सिलिंडरलाच दोन एक्झॉस्ट पोर्ट होते बाबा, ते कारखान्यातच ठरलेलं होतं. बीएस-६ बुलेटमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो, तो भाग कापला की इंधनाचं गणितही बिघडतं. वर २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाची मर्यादा मोडली तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं.

मला खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा येतो. जोडपाईप म्हणजे आवाज वाढवायचं साधन, असा समज आहे. ट्रायम्फ बॉनव्हिलला १९६९ मध्ये दोन एक्झॉस्ट जोडणारा आडवा पाईप आला तो आवाज कमी करायला! आमचे बाबा कारखान्यात थर्ड शिफ्ट करून सकाळी यायचे आणि दुपारपर्यंत झोपायचे. कॉलनीत निम्म्या घरांत असंच. आम्ही पोरं क्रिकेटसुद्धा क्वार्टरच्या मागे, हळू आवाजात खेळायचो. बारावीनंतर मीही एकदा मित्राच्या गाडीचा सायलेन्सर पोकळ करून घेतला होता. त्या दुपारी बाबा दारात येऊन उभे राहिले, बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी जुना सायलेन्सर परत बसवला. पैसे गेले ते गेलेच.

पार्टनरला प्रोजेक्ट करायचंच असेल तर लॅबच्या कोपऱ्यात पद्मिनीचं इंजिन पडून आहे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. एक-चारचा एक पाईप, दोन-तीनचा दुसरा असा एक्झॉस्ट वेगळा करू. मध्ये काढता-घालता येईल असा आडवा पाईप, तीन वेगवेगळ्या जागी. प्रत्येक वेळी टॉर्क आणि आवाज मोजू, पेंटची युक्तीही करून बघू. मेसच्या पैशांना हात न लावता, भंगारातल्या पाईपवर होईल. सरांनी डायनामोमीटर वापरायला परवानगी दिली तर वेल्डिंग मी करतो.