मीटरमधले बटण आणि १५ दिवसांची नोटीस

स्मार्ट मीटरविरुद्ध आपल्या वस्त्यांत जी ओरड सुरू आहे, तिच्यातला मोठा भाग मला पटत नाही. मीटर ‘पळतो’, बिल दुप्पट येते, हा आक्षेप तपासता येण्यासारखा आहे. जुना मीटर शेजारी ठेवून महिनाभर दोन्हींची नोंद घ्या, खरे-खोटे कळेल. पण सगळे त्याच मुद्द्यावर अडून बसल्यामुळे मीटरच्या पोटात आणखी काय आहे, हे कोणी विचारत नाही.

पोटात मोबाइलसारखी नेटवर्कची सोय आहे. दर १५ किंवा ३० मिनिटांच्या वापराची नोंद तिच्यातून कंपनीच्या संगणकाकडे जाते. आणि एक रिले आहे, म्हणजे साध्या भाषेत बटण. बटण तुमच्या दारात, दाबणारा दुसऱ्या शहरात. वीज तोडायला आता वायरमनला गल्लीत यावे लागत नाही.

हे वायरमनचे येणे लहान गोष्ट नव्हती. तो आला की लोक गोळा व्हायचे, आजारी माणूस दाखवता यायचा, ‘सोमवारपर्यंत थांबा भाऊ’ म्हणता यायचे. आणि त्याच्या येण्याआधी कायदा उभा होता. वीज कायदा २००३ चे कलम ५६ सांगते की थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. पुढे असेही म्हणते की बिलावर वाद असेल तर ग्राहकाने निषेध नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी ती भरावी. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येणार नाही. गरिबाच्या हातात याहून चांगले हत्यार या कायद्यात मला दिसलेले नाही.

प्रीपेडमध्ये ते हत्यारच गळून पडते. पैसे आधीच कापले गेले, तर निषेध कशावर नोंदवायचा? शिल्लक संपली की मेसेज, मग अंधार. याच कायद्याचे कलम ४७ म्हणते की ग्राहक प्रीपेड मीटर घ्यायला तयार असेल तर त्याच्याकडून अनामत मागता येणार नाही. म्हणजे मर्जी ग्राहकाची. पण डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ‘ग्राहकांचे हक्क’ या नावाने नियम काढले आणि त्यांत प्रीपेड मीटर हाच रिवाज ठरवला. अपवाद हवा तर आयोगाची मंजुरी घ्या. हक्कांच्या नावाखाली सक्ती कशी लिहावी, याचा हा नमुना आहे.

महाराष्ट्रात जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर केले. विधानसभेची निवडणूक झाली आणि स्मार्ट मीटर ‘टीओडी’ या नावाने, पोस्टपेड होऊन दारात आले. पोस्टपेड आहे, मग भीती कसली, असे विचारणारे भेटतात. अशा मीटरला पोस्टपेडचा प्रीपेड करायला हात लावावा लागत नाही, संगणकावरून एक आदेश पुरतो.

आणि आदेश चुकतातही. १२ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन जन्माष्टमीला, उत्तर प्रदेशात स्मार्ट मीटर असलेल्या लाखाहून अधिक घरांची वीज एका चुकीच्या आदेशाने गेली. वायरमन चुकला तर एका घराची जाते.

आता नोंदींचे. १९८९ साली जॉर्ज हार्ट यांनी लिहून ठेवले की घरात येणाऱ्या विजेवर नुसती नजर ठेवली तरी आत काय चालले आहे ते कळते, आणि ही पाळत ठरू शकते. हे तंत्र विकसित करणाऱ्यांपैकीच ते एक होते. १५ मिनिटांच्या नोंदीतून मिक्सर कोणता आणि इस्त्री कोणती हे कदाचित कळणार नाही. पण घर रिकामे कधी असते, माणसे उठतात कधी, हे कळते. रमजानमध्ये पहाटे चारला इमारतीतल्या कोणत्या घरांत सहरीचे दिवे लागले, हेही. नाव तर बिलावर आहेच, असे कोणी म्हणेल. पण नाव कळणे वेगळे आणि घरातली दिनचर्या कळणे वेगळे. भाड्याने घर देताना आडनाव विचारणाऱ्या शहरांत राहणाऱ्यांनी हा प्रश्न विचारायचा नाही, तर कोणी?

अमेरिकेतल्या नेपरव्हिल शहराच्या खटल्यात २०१८ साली अपील न्यायालयाने अशा नोंदी गोळा करणे ही घराची झडतीच आहे, असे म्हटले (त्या शहरापुरती ती वाजवी मानली, हेही सांगायला हवे). नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये मीटरची सक्ती अडवली आणि पुढे नागरिकांना नकाराचा हक्क मिळाला. आपल्याकडे पुट्टास्वामी निकाल २०१७ चा आहे. खासगीपणा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले. मीटर बसवायला येणाऱ्या पोराला त्याचे काय!

वीजगळती थांबायला हवी, यात वाद नाही. पण कोणत्या भागात वीज मुरते हे शोधायला रोहित्रावर बसवलेला मीटर पुरतो. त्यासाठी माझ्या घरातला पहाटेचा दिवा मोजायची गरज नाही.

आमच्या मोहल्ल्यात इशाच्या नमाजनंतर बैठक झाली. निम्मे लोक म्हणत होते, हे मुद्दाम आपल्याच वस्तीत लावतात. हे खरे नाही. केंद्राच्या योजनेत देशभर २५ कोटी मीटर लावायचे आहेत. आपल्याविरुद्धचा कट म्हटले की शेजारचा हिंदू ग्राहक बाजूला होतो आणि लढाई तिथेच हरते. त्या गोंधळात एक यंत्रमागवाले चाचा बोलले ते सगळ्यांत कामाचे होते: “नोटीस आली तर पंधरा दिवसांत कुठून तरी उसनवार होते. वकिलाकडे जाता येते. मेसेज आला तर कुणाकडे जायचं, बेटा?”

आम्ही अर्ज लिहिला आहे. कलम ५६ ची नोटीस कागदावर मिळेल की नाही? बटण दाबण्याचा अधिकार कोणत्या पदावरच्या माणसाला आहे? रात्री, सुटीच्या दिवशी, घरात आजारी माणूस असताना ते दाबले जाईल का? नोंदी किती वर्षे ठेवणार आणि पोलिसांना कोणत्या कागदावर देणार? उत्तर लेखी मागितले आहे. खाली पहिल्या दिवशी एक्केचाळीस सह्या झाल्या, त्यांतल्या चौदा गल्लीपलीकडच्या.