ग्रीन टी : पेय की औषध?

अलीकडे औषधालयांच्या दर्शनी फळीवर च्यवनप्राशाच्या शेजारी ग्रीन टीची खोकी दिसू लागली आहेत. रुग्णही विचारतात, ‘डॉक्टर, ग्रीन टी सुरू करू का?’ या साध्या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर आपल्याजवळ असणे अगत्याचे आहे.

प्रथम नावाचा घोळ दूर करू. आपल्या परसातील गवती चहा हे एक सुगंधी तृण होय. ग्रीन टी ही नेहमीच्या चहाच्याच झुडपाची पाने. खुडल्यावर त्यांना लगेच वाफ वा उष्णता दिल्याने ती काळी पडत नाहीत आणि त्यांतील कॅटेचिन द्रव्ये टिकून राहतात. कॅफीन मात्र तिच्यातही असतेच.

संहितांत या द्रव्याचा उल्लेख नाही. तथापि अनुक्त द्रव्याची परीक्षा रस-गुणांवरून करण्याची दृष्टी आपल्या आचार्यांनी दिली आहे. ग्रीन टी कषाय-तिक्त रसाची आणि लघु-रूक्ष गुणांची असल्याचे जिभेलाच कळते. तिची कृतीही आपल्या फांट कल्पनेच्या जवळची आहे. म्हणून कफप्रधान, मेदस्वी व्यक्तीस ती साखर-दुधाच्या चहापेक्षा निश्चित हितकर ठरेल. परंतु कृश, वातप्रधान, मलावष्टंभ वा अनिद्रेने पीडित रुग्णास तीच अपथ्य होय. कषाय रसाच्या अतियोगाने मुखशोष, आध्मान आणि विबंध होतात, हे चरकाचार्यांनी सांगितलेच आहे.

आधुनिक संशोधनही सावधपणेच बोलते. जपानमधील सुमारे ४०,५०० प्रौढांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोज पाच वा अधिक पेले पिणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी आढळले. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र तसा फरक दिसला नाही. शिवाय ही केवळ पाहणी होती. तीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. वजन घटवण्याविषयीच्या चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने २०१२ मध्ये आढावा घेतला, तेव्हा होणारी घट चिकित्सेच्या दृष्टीने नगण्य ठरली. खोक्यांवरील दावे मात्र याच वजनाभोवती फिरत असतात.

खरी चिंता पेल्याची नाही, कॅप्सूलची आहे. ग्रीन टीच्या अर्कातून रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक ईजीसीजी हे कॅटेचिन घेतल्यास यकृताची विकरे वाढू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले. त्यानंतर २०२२ मध्ये युरोपीय संघाने ही मात्रा ८०० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचे बंधन घातले आणि उपाशीपोटी सेवन करू नये, अशी सूचना वेष्टनावर सक्तीची केली. फांट आणि घन यांत मात्रेचा केवढा फरक असतो, हे आपणास वेगळे सांगावयास नको.

येथे आमचीच एक चूक नमूद करतो. पांडुरोगाच्या एका भगिनीस आम्ही नवायस लोह दिले होते. दोन महिने उलटले तरी हिमोग्लोबिन वाढेना. चहाविषयी आम्ही विचारले होते. ‘चहा पूर्ण सोडला’ असे त्यांनी सांगितले आणि आमचे समाधान झाले. पुढे कळले की, जेवणानंतर औषधासोबतच त्या ग्रीन टी घेत होत्या. त्यांच्या लेखी तो चहा नव्हताच! चहातील कषाय द्रव्ये लोहाच्या शोषणास अडथळा आणतात, हे ठाऊक असूनही आम्ही नेमका प्रश्न विचारला नाही. दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवल्यावर सुधारणा दिसू लागली. एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही. पण प्रश्न अर्धवट विचारला, हा दोष आमचाच.

म्हणून वैद्यबंधु-भगिनींनी आहाराच्या चौकशीत ग्रीन टीचा नावानिशी उल्लेख करावा. औषधालय चालकांना विनंती अशी की, पेयाची खोकी विकण्यास हरकत नाही. मात्र अर्काच्या कॅप्सूल वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नयेत. यकृतविकार असलेल्यांना व गर्भिणींना तर मुळीच देऊ नयेत.

‘वनस्पतीच आहे, अपाय कसला?’ हे वाक्य ग्राहकाच्या तोंडी शोभेल, आपल्या तोंडी नाही. युक्तीने योजिले तर विषही औषध होते आणि अयुक्तीने अमृतही घातक ठरते, ही शिकवण ज्या शास्त्राची, त्याच्या उपासकांनी विक्रीच्या मोहात ती विसरू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.