महास्फोट कुणाच्या बाजूने?

परवा इथल्या एका घरी आरतीनंतर नेहमीचा विषय निघाला. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, विज्ञान पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे सांगते, म्हणजे आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते! नववीतल्या एका मुलीने विचारले, "मग मधली २२ कोटी वर्षं कुठे गेली, काका?" सगळे हसले. उत्तर कुणी दिले नाही.

मला जॉर्ज लमेत्र आठवले. हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावते आहे हे त्यांनी १९२७ साली आइन्स्टाइनच्या समीकरणांतून मांडले आणि १९३१ साली विश्वाची सुरुवात एका 'आद्य अणू'पासून झाली असावी, असे सुचवले. पुढे १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात आधुनिक विज्ञान ईश्वरी निर्मितीची साक्ष देते, असे सांगितले. लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता, पण ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, अशी त्यांची भूमिका होती.

दुसऱ्या बाजूला होते फ्रेड हॉइल, पक्के निरीश्वरवादी. विश्वाला सुरुवात असणे हेच त्यांना खटके. 'बिग बँग' हे नाव त्यांनीच १९४९ साली बीबीसी रेडिओवर दिले. पण वाद पोपनी मिटवला नाही आणि हॉइलनीही नाही. न्यू जर्सीतल्या होमडेलच्या एका अँटेनात ऐकू येणारी खरखर काही केल्या जाईना. ते आदिविश्वाचे उरलेले प्रारण आहे, हे १९६५ साली स्पष्ट झाले आणि पारडे महास्फोटाकडे झुकले. हॉइल यांचे शिष्य, आपले जयंत नारळीकर, त्यानंतरही साशंक राहिले, पण त्यांनी आपली हरकत निरीक्षणे आणि गणित यांच्या आधारे मांडली.

लमेत्र यांची सावधगिरी किती योग्य होती पाहा. हबल यांच्या सुरुवातीच्या मोजमापांवरून विश्वाचे वय जेमतेम २०० कोटी वर्षे निघत होते. आज ते सुमारे १३८० कोटी मानतात. श्रद्धा अशा आकड्याला बांधली, तर दर सुधारणेला तिची गाठ सोडून पुन्हा मारावी लागेल. आणि महास्फोटामुळे देव बाद झाला, असे म्हणणारेही पुराव्यापलीकडेच जातात. अतिशय तप्त, दाट अवस्थेपासून विश्व कसे पसरले, एवढेच हा सिद्धांत सांगतो.

त्या मुलीला आता मी सांगेन, की २२ कोटी वर्षे कुठेही गेलेली नाहीत. ४३२ कोटी हा युगगणनेतून आलेला आकडा आहे. पृथ्वीचे वय उल्कापाषाणांतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून मोजले आहे. दोन आकडे जवळ आले, एवढ्याने त्यांचे नाते जुळत नाही.

अभिमानच बाळगायचा असेल, तर ऋग्वेदातले नासदीय सूक्त आहे. सृष्टी कुठून आली, या प्रश्नावर ते छातीठोक उत्तर देत नाही, शंकेवर थांबते. पुढच्या आरतीनंतर मुलांना तेच वाचून दाखवू या, आणि त्यांना प्रश्न विचारू देऊ या.