दुसरा मांडव कशासाठी?

लग्नाचा दहावा किंवा पंचविसावा वाढदिवस आला की पुन्हा हार घालायचे, पुन्हा शपथा घ्यायच्या, ही हौस आता इव्हेंटवाल्यांनी शहरांत चांगलीच रुजवली आहे. तशी ती आपल्या देशाला नवी नाही. तमिळनाडूत तिरुक्कडैयूरच्या देवळात साठी पूर्ण झाली की जोडपी पुन्हा लग्न लावून घेतात, ताली पुन्हा बांधली जाते. साठी मात्र नवऱ्याची मोजतात. बायको पंचावन्नची की अठ्ठावन्नची, याची दखल कुणी घेत नाही.

जातीतच लग्न केलेल्यांनी दुसरा सोहळा कसा करावा, हे त्यांचं ते बघतील. मला बोलायचं आहे ते घरच्यांच्या विरोधात रजिस्टर लग्न केलेल्या आंतरजातीय जोडप्यांविषयी. पाच-सात वर्षांनी त्यांच्याकडे घरूनच निरोप येतो: झालं गेलं विसरू, आता एकदा नीट लग्न लावून देऊ. इतकी वर्षं ज्यांनी दार लावून घेतलं होतं तेच हॉल बघू लागतात. ऐकायला गोड वाटतं. मेख त्या 'नीट' शब्दात आहे.

माझ्या ओळखीतलं एक जोडपं सध्या या पेचात आहे. ती बौद्ध, तो मराठा. त्यांना तीन वर्षांची मुलगी आहे. सासरच्या यादीत मुहूर्त आहे, भटजी आहे, पत्रिकेवर कुलदैवत आहे. तिच्या आईवडिलांची नावं आहेत, आडनाव गाळलेलं आहे. आणि विधी चालू असेपर्यंत नातीला मावशीकडे ठेवावं, अशी सूचनाही आहे. बरोबरच आहे, लग्न आज लागणार असेल तर मूल आधीचं कसं?

बाबासाहेबांनी 1916 च्या निबंधात सजातीय विवाह हे जातीचं मूळ लक्षण मानलं. ते लक्षण एकदा मोडल्यावरही त्याची डागडुजी कशी केली जाते, ते अशा मांडवात दिसतं. मोडणाऱ्यांना परत आत घेतात, पण आधीची पाच वर्षं पुसून. प्रबंधात मी याला शुद्धीकरण म्हणेन. घरी त्याला मानपान म्हणतात.

कायद्याने पाहिलं तर त्या दोघांचं काहीच अर्धवट राहिलेलं नाही. 1954 च्या स्पेशल मॅरेज ॲक्टचं कलम 12 सांगतं की लग्न कोणत्याही पद्धतीने लावा, पण अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना, समजेल त्या भाषेत, 'मी तुला कायदेशीर जोडीदार म्हणून स्वीकारते' अशा अर्थाचं वाक्य म्हटल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. म्हणजे शपथ तिथेच झाली. तीस दिवसांची नोटीस, ती वाचून कोण घरी फोन करेल ही धास्ती, मागे ताटकळणारी पुढची जोडी, यात ते वाक्य घाईत उरकलं गेलं, एवढंच. ते एकदा निवांतपणे, आपल्या माणसांसमोर म्हणावंसं वाटणं अगदी रास्त आहे.

पेरियार यांच्या चळवळीतली स्वाभिमान लग्नं मद्रास उच्च न्यायालयाने 1953 मध्ये अवैध ठरवली होती. अण्णादुराईंच्या सरकारने 1967 मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम 7-अ घातलं आणि आधी झालेल्या लग्नांनाही ते लागू केलं. भटजी बोलावून पुन्हा लग्न लावा, असं कुणालाही सांगितलं नाही. दुरुस्ती कायद्यात झाली, जोडप्यांत नाही.

सोहळा करायचाच तर नमुना आपल्याकडे आहे. 25 डिसेंबर 1873 ला पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत वधू-वर स्वतः एकमेकांशी बोलतात. ती स्त्रियांच्या हक्कांचं मागते, तो कबुली देतो. नवख्या नवरीला काय मागायचं ते नीट ठाऊक नसतं. पाच वर्षं संसार केलेलीला असतं: घर कुणाच्या नावावर, आजारी मुलीपाशी रात्री कोण जागणार, तिच्या घरातल्या बाबासाहेबांच्या फोटोला पाहुण्यांसमोर जागा कोणती. हे त्याने चारचौघांत कबूल करावं आणि त्याचं जे काही मागणं असेल ते तिने ऐकावं.

तिने सासरी दोनच अटी कळवल्या आहेत. पत्रिकेवर तारीख पहिल्या लग्नाची छापायची, आणि मुलगी दोघांच्या मध्ये उभी राहणार. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही, हॉलचा ॲडव्हान्स तेवढा भरून झालाय. सह्या करणारे तिघे साक्षीदार पहिल्या रांगेत बसवायचे, हे तिचं आधीच ठरलंय. मी त्यात एक भर घातली: जेवण तिच्या माहेरच्यांनी रांधावं. सासरचे किती जण पानावर बसतात ते त्या दिवशी कळेलच.