सफारीचा आराखडा आणि प्रवेशशुल्काचा हिशेब

पूर्व आफ्रिकेतील अभयारण्ये पाहण्याचा बेत आता मराठी मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरचा राहिलेला नाही. मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने सहा-सात तासांत पोहोचता येते. दिल्लीतील आणि आखातातील परिचित मंडळी आपापल्या सहलींचे आराखडे अधूनमधून माझ्याकडे अभिप्रायासाठी पाठवीत असतात. प्रशासनात आयुष्य गेलेल्या माणसाला वेळापत्रक चांगले समजत असावे, असा त्यांचा समज असावा. या आराखड्यांत एक विलक्षण साम्य आढळते. सात रात्री, दोन देश, पाच उद्याने. त्यात प्राण्यांची यादी असते, निवासांची छायाचित्रे असतात. परंतु ही सहल ज्या शासनव्यवस्थांच्या हद्दींतून जाणार, त्यांचा मात्र मागमूस नसतो. माझ्या मते नियोजनास प्रारंभ तेथूनच व्हावयास हवा.

नकाशा पाहिला की केनियातील मसाई मारा आणि टांझानियातील सेरेंगेटी ही एकच सलग भूमी दिसते, आणि निसर्गाच्या दृष्टीने ती तशी आहेही. सुमारे तेरा ते पंधरा लक्ष वाइल्डबीस्ट आणि त्यांच्या जोडीला लाखो झेब्रे वर्षभर या भूमीत गोलाकार फिरत असतात. जानेवारी ते मार्च दक्षिणेकडील न्दुतूच्या गवताळ प्रदेशात त्यांची वीण होते, जूनच्या सुमारास ते पश्चिमेकडे ग्रुमेती नदीपाशी असतात, आणि जुलै ते ऑक्टोबर उत्तरेस मारा नदीच्या दोन्ही काठांवर. त्यांना पारपत्र लागत नाही. पर्यटकास मात्र मारा आणि सेरेंगेटी यांच्यामधील सीमा ओलांडता येत नाही. १९७७ साली जुना पूर्व आफ्रिकी समुदाय कोसळला आणि टांझानियाने केनियाशी असलेली सीमा बंद केली. पुढे १९८३ मध्ये ती उघडली, २००० साली नवा समुदायही अस्तित्वात आला. परंतु दोन उद्यानांमधला हा दरवाजा पर्यटकांसाठी बंदच राहिला. त्यामागील कारण शुद्ध आर्थिक आहे. तो उघडल्यास पर्यटक नैरोबीत उतरणार, केनियात राहणार, दिवसभर सेरेंगेटी पाहून परतणार आणि टांझानियाच्या पदरी चाकांची धूळ तेवढी पडणार, ही भीती अनाठायी नव्हती. केनियाच्या पर्यटक वाहनांना टांझानियाच्या उद्यानांत प्रवेश नाही. नामांगाच्या नाक्यावर सामानासह वाहन बदलावे लागते. आराखड्यात ‘मारा ते सेरेंगेटी, एक दिवस’ अशी ओळ लिहिणाऱ्यास हे ठाऊक असले पाहिजे. तो दिवस रस्त्यावर तरी जातो, नाही तर छोट्या विमानांच्या भाड्यात. असो.

आता शुल्काकडे वळू. मसाई मारा हे राष्ट्रीय उद्यान नव्हे. ते नारोक काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडील जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक शासनाच्या अखत्यारीतील अभयारण्य आहे. केनियाच्या वन्यजीव सेवेचा तेथे अंमल नाही. त्याचा पश्चिमेकडील त्रिकोण २००१ पासून एक ना-नफा संस्था सांभाळते, आणि रस्त्यांच्या अवस्थेवरून हा भेद जाणकारास चटकन कळतो, असे म्हणतात. २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकास येथे जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर मोजावे लागतात. शिवाय पूर्वी चोवीस तास चालणारे तिकीट आता सकाळी सहा ते सायंकाळी सहा एवढेच चालते. म्हणजे नैरोबीहून पाच-सहा तासांचा प्रवास करून दुपारी तीनला फाटकाशी पोहोचलेल्या चौघांनी ऑगस्टमध्ये ८०० डॉलर भरायचे आणि तीन तास फिरायचे. अशा वेळी पहिली रात्र फाटकाबाहेर काढून पहाटे आत शिरणे शहाणपणाचे.

सेरेंगेटीचे गणित निराळे. तेथे शुल्क चोवीस तासांचे असते. अलीकडच्या दरपत्रकानुसार हंगामात ७० डॉलर आणि त्यावर १८ टक्के मूल्यवर्धित कर, मिळून ८२.६०. दुपारी शिरून दुसऱ्या दुपारी बाहेर पडणाऱ्याचे तेथे नुकसान होत नाही. परंतु अरुशाहून नेहमीच्या रस्त्याने सेरेंगेटीस जाताना गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रातून जावे लागते, आणि त्याचे शुल्क जाताना व येताना दोन्ही वेळा द्यावे लागते, तुम्ही तेथे थांबा वा न थांबा. तेथील ज्वालामुखीच्या विवरात उतरण्यासाठी करासह २९५ डॉलर आणखी, तेही माणशी नव्हे तर वाहनामागे. सहाजण असल्यास माणशी पन्नासाच्या आत, दोघेच असल्यास जवळजवळ दीडशे. स्थिर खर्चाची विभागणी हा धडा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातला. सहलीतील सोबत ठरविताना त्याची आठवण ठेवावी. दोन कुटुंबांनी एकत्र जाण्यातील लाभ येथे डॉलरांत मोजता येतो, तोट्यांचा हिशेब ज्याने त्याने करावा.

हे दर ऐकून आपल्याकडील माणूस प्रथम ‘लूट’ हा शब्द उच्चारतो. मला तसे वाटत नाही. मर्यादित जागेसाठी हंगामात दर वाढविणे यात गैर काहीच नाही. उलट दर दुप्पट करूनही ऑगस्टमध्ये नदीकाठी वाहनांची दाटी होते, याचा अर्थ किंमत हे एकच साधन पुरत नाही, संख्येवर थेट मर्यादा हवी. जुलै २०२५ मध्ये उत्तर सेरेंगेटीत पर्यटक वाहनांतून उतरून काठावर उभे राहिले आणि कळपांची वाट अडली, त्याची चित्रफीत जगभर फिरली. रवांडाने गोरिला पाहण्याचा परवाना २०१७ साली ७५० वरून १५०० डॉलरवर नेला, पण सोबत संख्याही बांधलेली आहे: एका गोरिला कुटुंबापाशी दिवसाला आठ माणसे, एक तास. शेजारच्या युगांडात हाच परवाना जुलै २०२४ पासून ८०० डॉलरला मिळतो, म्हणून कित्येकजण किगालीला उतरून रस्त्याने ब्विंडीस जातात. २०१९ ते २०२२ या काळात दोन देशांच्या वितुष्टामुळे गातुनाचा नाका जवळजवळ बंद होता, तेव्हा ही काटकसर शक्य नव्हती. पर्वतीय गोरिलांची संख्या शेवटच्या गणनांनुसार हजाराच्या वर, १०६३, आहे आणि ती वाढत गेलेली आहे. एवढ्यावरून तरी महाग तिकीट वाया गेले असे म्हणवत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. पैसा फाटकावर घेतला, पुढे तो कोठे जातो? रवांडात उद्यानांच्या पर्यटन-महसुलातील दहा टक्के भाग भोवतालच्या गावांसाठी राखलेला असतो. २०१७ पूर्वी तो पाच टक्के होता. युगांडात प्रवेशशुल्काचा पाचवा हिस्सा स्थानिक शासनाकडे जातो. टांझानियात उद्याने चालविणारे महामंडळ पूर्वी आपला महसूल स्वतःकडे ठेवी, आणि किलिमांजारो व सेरेंगेटी यांच्या कमाईवर पर्यटक न फिरकणारी दूरची उद्याने जगत. २०२० साली कायदा बदलून तो महसूल थेट राष्ट्रीय तिजोरीत जमा करण्याची पद्धत आणली गेली. वित्त मंत्रालयांची ही ओढ मला परकी नाही. सर्व आवक एका कोषात यावी आणि खर्च अर्थसंकल्पातून व्हावा, हे तत्त्व म्हणून निर्दोष आहे. पण वणवा अर्थसंकल्पाची वाट पाहत नाही आणि गस्तीच्या गाडीचे डिझेलही नाही. आपल्याकडे २००६ च्या वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्रप्रकल्पासाठी प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली, ती याच अडचणीवरचा उपाय म्हणून. ताडोब्याच्या फाटकावर भरलेला पैसा ताडोब्यातच राहावा, ही त्यामागील कल्पना. या एका बाबतीत आपण त्यांच्यापुढे आहोत, असे मी निःसंकोच म्हणेन.

मसाईंचा प्रश्न मात्र शुल्काच्या वाटणीने मिटणारा नाही. १९५९ साली सेरेंगेटीतून हलविलेल्या मसाईंना गोरोंगोरोत वन्यप्राण्यांसह राहण्याचे आश्वासन देण्यात आले होते. संरक्षित क्षेत्र हा वेगळा प्रकार त्यासाठीच निर्माण झाला. लोकसंख्या आणि गुरे वाढली, हे खरे. पण जून २०२२ मध्ये लोलिओंडो येथे सुमारे १५०० चौरस किलोमीटर चराऊ जमिनीवर सीमेचे खांब रोवताना पोलीस आणि गावकरी यांच्यात जो संघर्ष झाला, आणि त्याच वर्षी गोरोंगोरोतील कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर म्सोमेरा येथे नेण्यास जी सुरुवात झाली, तिला ‘स्वेच्छा पुनर्वसन’ म्हणताना जीभ अडखळते. हा शब्द आपल्याही फायलींत आहे. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभाक्षेत्रातून उठणाऱ्या कुटुंबास आपल्याकडे पूर्वी दहा लक्ष आणि २०२१ पासून पंधरा लक्ष रुपये देण्याची योजना आहे, ग्रामसभेची संमती कायद्याने आवश्यक आहे. तरीही ज्या गावची शाळा आणि दवाखाना आधी बंद पडतो आणि मग संमती विचारली जाते, त्या गावच्या स्वेच्छेचे मोल किती, हे या खात्यांत काम केलेल्या कोणासही विचारावे. टांझानियाच्या शासनास उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण २९५ डॉलर भरून विवरात उतरणाऱ्याने, वरच्या कड्यावर कोण राहत होते, एवढे तरी जाणून उतरावे.

दुसरी वाट मारामध्येच आहे. अभयारण्याला लागून असलेल्या सामूहिक चराऊ जमिनींची वाटणी होऊन त्या मसाई कुटुंबांच्या व्यक्तिगत नावावर झाल्या, तेव्हा कुंपणे पडून प्राण्यांची ये-जा थांबणार हे उघड होते. २००५ नंतर या खातेदारांनी एकत्र येऊन आपल्या जमिनी पर्यटन निवासांना भाडेपट्ट्याने देण्यास सुरुवात केली: ओल किन्येई, ओलारे मोतोरोगी, आणि २०१० मध्ये नाबोइशो, ज्यात पाचशेहून अधिक खातेदार आहेत. पर्यटक येवोत वा न येवोत, भाडे ठरलेल्या दराने खात्यावर जमा व्हायचे. मोबदल्यात कुंपण घालायचे नाही, गुरे ठरलेल्या जागी व ठरलेल्या वेळी चारायची, तंबू आणि वाहने मोजकीच. ज्याची जमीन त्याचे भाडे, हे तत्त्व आपल्या कुळकायद्यावर वाढलेल्या पिढीला समजावून सांगावे लागणार नाही. व्यवस्था निर्दोष नाही: २०२० साली पर्यटक आटले तेव्हा भाड्यातही कपात करावी लागली, आणि स्त्रियांच्या नावावर जमीन नसल्यामुळे पैसा पुरुषांच्याच हाती जातो. तरीसुद्धा माझ्याकडे येणाऱ्या आराखड्यांवर मी पेन्सिलीने एकच दुरुस्ती सुचवितो. पाचांपैकी तीन उद्याने गाळा आणि वाचलेल्या रात्रींपैकी दोन अशा एखाद्या क्षेत्रात काढा. तेथे मुख्य अभयारण्यापेक्षा निवास महाग असतो, हे खरे. परंतु भोवती वाहनांचा गराडा नसतो आणि रात्री फिरण्याची मुभाही असते, जी अभयारण्यात नाही.

काळाविषयी म्हणाल तर नदी ओलांडण्याचा देखावा पाहण्याचा हट्ट सोडल्यास फेब्रुवारीतील दक्षिण सेरेंगेटी मला अधिक योग्य वाटते. नवजात वासरे, त्यांच्या मागावर चित्ते आणि सिंह, आणि उत्तरेच्या मानाने गर्दीही विरळ. एप्रिल-मेमध्ये मोठा पाऊस असतो, तेव्हा दर उतरतात पण वाटाही चिखलात जातात. केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांसाठी १०० डॉलरचा ९० दिवसांचा सामाईक व्हिसा २०१४ पासून मिळतो; टांझानिया त्यात नाही, त्याचा वेगळा घ्यावा लागतो. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी, शासनमान्य केंद्रातच घ्यावी. आपले आरोग्य अधिकारी परतीच्या विमानतळावर ते पिवळे पुस्तक मागतात आणि ते नसल्यास विलगीकरणात ठेवतात. मुंबई-दिल्लीतील केंद्रांत सुट्टीच्या हंगामात रांगा लागतात, म्हणून तिकिटाच्या आधी लसीची तारीख घ्यावी. आणि वाचकांपैकी जे शासकीय सेवेत असतील त्यांनी परदेशप्रवासाच्या परवानगीचा अर्ज त्याच दिवशी वर पाठवावा. ती फाईल वाइल्डबीस्टांपेक्षा सावकाश चालते.